चक्रीवादळ येण्याआधी घर कसं तयार करायचं आणि पाणी ओसरल्यावर कुठून सुरुवात करायची

वादळाची बातमी आली की सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो, वारा किती किलोमीटरचा आहे, कितव्या कॅटेगरीचं आहे? माझं म्हणणं असं की किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवावा आणि पहिला प्रश्न हा विचारावा की माझ्या घराचं जोतं समुद्राच्या पाण्यापासून किती फूट वर आहे. घर सोडायचं की थांबायचं, सामान कुठे ठेवायचं, वीज कुठे तोडायची, परत आल्यावर काय फेकायचं आणि काय वाचवायचं, हे सगळं शेवटी पाण्याच्या उंचीवरच ठरतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही तीन वेगळी वादळं नाहीत. अटलांटिकमध्ये झालं की हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, आपल्या हिंदी महासागरात सायक्लोन, बाकी आतली यंत्रणा सगळी तीच. मोसम मात्र वेगवेगळे आहेत, अटलांटिकचा १ जून ते ३० नोव्हेंबर, बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात मान्सूनच्या आधी एकदा आणि मान्सून गेल्यावर एकदा, आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये तर जवळपास वर्षभर कधीही. त्यामुळे तुम्ही किंवा तुमचं माणूस कुठल्याही किनाऱ्यावर राहत असलं तरी पुढचं सगळं लागू पडतं.

आता ती कॅटेगरी. १ ते ५ अशी जी सॅफिर-सिम्पसन पट्टी वापरतात ती फक्त वाऱ्याची पट्टी आहे, ताशी ११९ किमीला पहिली कॅटेगरी सुरू होते आणि २५२ च्या पुढे पाचवी. पाणी किती येणार, पाऊस किती पडणार हे त्यात येतच नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळ अमेरिकेतल्या लुइझियानाच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा ते तिसऱ्या कॅटेगरीवर उतरलेलं होतं, पण आदल्या दिवशी समुद्रात पाचव्या कॅटेगरीचं असताना त्याने जे पाणी ढकलायला घेतलं होतं ते काही कमी झालं नाही, शेजारच्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्र २७ फुटांच्या वर चढला. तिथल्या कितीतरी लोकांनी घर सोडलं नव्हतं, कारण १९६९ चं कॅमिल पाचव्या कॅटेगरीचं होतं आणि त्यात त्यांच्या घरापर्यंत पाणी आलं नव्हतं, मग हे तर त्याच्यापेक्षा लहान, असा हिशोब. आणि २०१२ मध्ये सँडी न्यू जर्सीला लागलं तेव्हा वारा जेमतेम पहिल्या कॅटेगरीएवढा होता, तरी न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत समुद्राचं पाणी शिरलं. म्हणून मागच्या वादळात आमच्याकडे काही झालं नव्हतं हे वाक्य घरात कोणी बोललं की त्याला तिथेच थांबवा, प्रत्येक वादळाची दिशा, आकार, वेग आणि भरतीची वेळ वेगळी असते.

पाणी येतं कसं हे समजून घेतलं की बाकीचं सोपं जातं. वारा तासन् तास समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो, किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असेल तर त्या पाण्याला खाली जायला जागा उरत नाही आणि मग ते वर चढून जमिनीवर येतं. एक मोठी भिंतीसारखी लाट येईल अशी वाट बघत बसू नका, बहुतेक वेळा समुद्रच फुगतो आणि फुगत फुगत दारात येतो, वर त्याच्यावर लाटा आपटत असतात त्या वेगळ्याच. त्यात भरतीची वेळ जुळली तर अजून काही फूट वाढतं. एक घनमीटर पाण्याचं वजन साधारण एक टन, त्यामुळे भिंती ढासळतात त्यात नवल नाही. उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या हाताची बाजू जास्त वाईट असते, कारण तिथे वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते (दक्षिण गोलार्धात डावी बाजू). आणि डाव्या बाजूला कधीकधी उलटंच दिसतं, २०१७ च्या इर्मामध्ये आणि २०२२ च्या इयानमध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या खाडीचं पाणी वाऱ्याने बाहेर ओढलं गेलं, तळ उघडा पडला आणि लोक बघायला चालत आत गेले. असं दिसलं तर चुकूनही उतरू नका, वारा फिरला की ते पाणी परत येतं.

निघायचं कधी, हे आजच ठरवा

सगळ्यात जास्त वेळ मी याच मुद्द्यावर घेणार आहे, कारण जीव इथेच वाचतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन त्याच राज्याच्या किनाऱ्याला लागलं, तेही अतितीव्र होतं, पण त्याआधी जवळपास १० लाख लोकांना हलवलं होतं आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. आजच्या बांगलादेशात १९७० च्या भोला वादळाने किमान ३ लाख माणसं नेली, त्यानंतर त्यांनी १९७२ पासून गावोगावचे स्वयंसेवक, निवारा केंद्रं, मेगाफोन घेऊन दारोदार इशारा अशी यंत्रणा उभी केली आणि २०२० च्या अम्फानमध्ये त्यांनी २० लाखांहून जास्त लोक वेळेत हलवले. वादळ थांबवण्याचं काही मशीन कोणाकडे नाही, माणसं वेळेत हलली एवढाच काय तो फरक.

तर एका कागदावर लिहा. घराची समुद्रसपाटीपासूनची उंची (स्थानिक प्रशासनाकडे पूररेषेचे किंवा धोक्याच्या पट्ट्यांचे नकाशे असतात, नसेल तर मोबाईलवरच्या नकाशातून अंदाज मिळतो पण त्यात काही मीटर इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून त्यावर फार भरोसा ठेवू नका). मग जायची जागा, एक नातेवाईक किंवा मित्र जो किनाऱ्यापासून आत आणि उंचावर राहतो, आणि एक पर्यायी जागा म्हणजे निवारा केंद्र. मग दोन रस्ते, त्यातला एक असा की ज्यावर खाडीचा पूल नाही. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, कुठला इशारा आला की निघायचं. भारतात हवामान खातं साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना देतं, ४८ तास आधी अलर्ट आणि २४ तास आधी प्रत्यक्ष इशारा, अमेरिकेत हरिकेन वॉच ४८ तास आधी येतो आणि वॉर्निंग ३६ तास आधी, आणि हे तास वादळ धडकण्याचे नाहीत, वादळी वारे सुरू होण्याचे आहेत. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायलिसिसचा किंवा ऑक्सिजनवरचा पेशंट असेल तर तुमचा ट्रिगर ४८ तासांचाच ठेवा, इतरांबरोबर निघायची वाट बघू नका. कॅटरिनात लुइझियानात जे गेले त्यातले जवळपास निम्मे ७५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते, हे वाचल्यापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की आधी घरातल्या आजी-आजोबांची सोय करा, पत्रे आणि खिडक्या नंतर.

टीव्हीवर जो शंकूसारखा पट्टा दाखवतात त्याबद्दल पण बोललं पाहिजे. तो पट्टा म्हणजे वादळाचा केंद्रबिंदू कुठे कुठे जाऊ शकतो याचा अंदाज, वादळाचा आकार नाही. केंद्रबिंदू साधारण तीनातल्या दोन वेळा त्या पट्ट्यात राहतो, म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर जातो, आणि वारा-पाणी तर पट्ट्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत असतं. इयानच्या वेळी बऱ्याच लोकांच्या डोक्यात टॅम्पाच होतं आणि वादळ धडकलं दक्षिणेला, फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी चढलं. मधली रेघ आपल्यावरून जात नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका.

पाळीव जनावरांचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात पण तो गंभीर आहे. कॅटरिनात कुत्र्या-मांजरांना नेऊ देत नाहीत म्हणून माणसंच मागे थांबली, त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत कायदा करावा लागला की आपत्तीच्या प्लॅनमध्ये प्राण्यांचीही सोय धरा. तुमच्या जवळचं निवारा केंद्र प्राणी घेतं का हे आत्ताच फोन करून विचारा. गुरंढोरं असतील तर त्यांना उंचावर हलवा, आणि हलवणं शक्यच नसेल तर निदान दावी सोडून द्या, बांधलेलं जनावर पाण्यात जागच्या जागी मरतं.

आणि समजा काहीही करून निघता आलंच नाही, पाणी घरात वाढायला लागलं, तर पोटमाळ्यावर चढताना एक सेकंद थांबा. त्या माळ्याला वर बाहेर पडायला वाट आहे का? कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये लोक माळ्यावर चढले, पाणी मागून चढलं, आणि वर छप्पर बंद. ज्यांच्याकडे कुऱ्हाड होती ते छप्पर फोडून बाहेर आले. त्यामुळे वर जाण्यासाठी माळा हाच पर्याय असेल तर कुऱ्हाड, टॉर्च आणि शिट्टी आधीच वर नेऊन ठेवा, आणि वाट नसेल तर माळ्यावर न जाता थेट छपरावर किंवा शेजारच्या पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जा.

मोसमाच्या आधीची कामं

ही कामं कंटाळवाणी आहेत पण निवांत दिवसातच होतात, वादळ दोन दिवसांवर आल्यावर ना प्लाय मिळतं ना सुतार.

छप्पर आधी बघा. वारा छपराला वरून दाबत नाही, तो त्याला उचलतो, त्यामुळे छप्पर भिंतीला कशाने धरलंय हा खरा प्रश्न आहे. नुसते खिळे असतील तर लोखंडी पट्ट्या किंवा क्लिप लावून वासे भिंतीला जखडून घ्या, पत्रे असतील तर कडेच्या ओळींना आणि कोपऱ्यांना जास्त स्क्रू लागतात कारण पत्रा तिथूनच सुटायला सुरुवात होते. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरं उडवली, तेव्हा तपासात हेच दिसलं की बऱ्याच ठिकाणी जोडणीच कच्ची होती, त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले.

खिडक्यांना टेप मारू नका. काचेवर फुलीसारखी टेप मारायची जुनी सवय आहे पण तिने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे धारदार तुकडे उडतात. पक्की शटर्स सगळ्यात चांगली, नाहीतर १६ मिमीच्या आसपासचं प्लायवुड खिडकीच्या मापाने आत्ताच कापून, भोकं पाडून, मागे मार्करने कुठल्या खिडकीचं ते लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी दोघं जण तासाभरात सगळं बसवू शकतात. हवेचा दाब समान व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा असं अजूनही कोणी सांगतं, ते अजिबात ऐकू नका, वारा एकदा आत शिरला की तो छप्पर आतून ढकलतो. गॅरेजचं मोठं दार असेल तर ते घराचा सगळ्यात कच्चा भाग आहे, त्याला आतून आडवे बांबू किंवा लोखंडी टेकू द्या. झाडांच्या सुकलेल्या फांद्या तोडा, पन्हळी आणि गटारं साफ करा, गच्चीवरच्या टाक्या बांधून घ्या आणि वादळाच्या आधी भरून ठेवा, भरलेली टाकी सहजासहजी उडत नाही आणि नंतर वापराला पाणीही होतं.

इन्शुरन्सची पॉलिसी काढून एकदा नीट वाचा, कारण वाऱ्याचं नुकसान आणि पुराचं नुकसान हे बऱ्याच पॉलिसीत वेगवेगळं धरतात. अमेरिकेत साध्या घराच्या पॉलिसीत पूर येतच नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि सरकारी योजनेतली ती पॉलिसी सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. त्याच दिवशी अजून एक काम करा, मोबाईल घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मशीनच्या मागचे नंबर दिसतील असा व्हिडिओ काढा आणि तो दूरच्या माणसाला पाठवून द्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि नंतर क्लेम करताना याच्यासारखा पुरावा नाही.

मच्छीमारांसाठी वेगळं सांगायला हवं. इशारा आला की बोट परत आणायची, एक शेवटचा फेरा मारून येऊ असं नाही. बोट पाण्यातच ठेवायची असेल तर दोर आखूड आणि ताठ बांधू नका, समुद्र दहा फूट वर चढला तर ताठ दोर एकतर तुटतो नाहीतर बोट खाली धरून बुडवतो, म्हणून लांब ढील देऊन अनेक बाजूंनी बांधा, दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा घाला, आणि बोट सांभाळायला म्हणून बोटीवर थांबू नका.

घरात काय भरून ठेवायचं

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, किमान तीन दिवसांचं, जमलं तर दोन आठवड्यांचं. शिजवावं लागणार नाही असं खाणं, रोजच्या गोळ्या-औषधं दोन आठवड्यांची आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो, फर्स्ट एड, लहान मुलांचं सामान, सॅनिटरी पॅड, टॉर्च आणि सेल, सेलवर चालणारा रेडिओ, पॉवर बँक, आणि सुट्ट्या पैशांसकट रोख रक्कम, कारण वीज आणि नेटवर्क गेलं की कार्ड आणि मोबाईल पेमेंट दोन्ही बंद. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्चच बरा, वादळानंतर आगी लागतात आणि फायर ब्रिगेड रस्त्यावरच्या झाडांमुळे पोचू शकत नाही. घराचे कागद, ओळखपत्रं, पॉलिसी हे सगळं वॉटरप्रूफ पिशवीत घालून अंगाजवळच्या बॅगेत ठेवा. गाडीत मोसमभर अर्ध्याच्या वर इंधन असू द्या.

फ्रीझरसाठी एक साधी युक्ती आहे जी मला फार आवडते. एका कपात पाणी गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा आणि तो कप फ्रीझरमध्येच राहू द्या. घर सोडून गेलात आणि परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. नाणं मध्ये कुठेतरी किंवा तळाला गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलंय, ते खाऊ नका, वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी. दार न उघडता साधा फ्रिज ४ तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास.

शेवटचा दिवस आणि वादळाची रात्र

अंगणातलं सगळं आत घ्या, कुंड्या, खुर्च्या, पत्र्याचे तुकडे, सायकली, शेजाऱ्याचंही घ्या जर तो आधीच निघून गेला असेल, कारण उडालेली कुंडी तुमचीच खिडकी फोडणार आहे. महागाच्या वस्तू आणि गाद्या वर चढवा. पाणी यायची शक्यता असेल तर निघताना मेन स्विच बंद, गॅस बंद. दूरच्या शहरातल्या एका नातेवाइकाला सगळ्यांचा कॉमन कॉन्टॅक्ट करा, घरातला प्रत्येक जण त्याला मेसेज करेल की मी इथे आहे, कारण वादळात कॉल लागत नाहीत पण मेसेज कधीतरी जातो.

जे पुराच्या पट्ट्याच्या बाहेर आणि पक्क्या घरात थांबलेत त्यांनी आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसावं. रात्री मध्येच एकदम वारा थांबला, आकाश दिसायला लागलं, तर वादळ संपलंय असं समजून बाहेर पडू नका, तो डोळा असू शकतो. डोळा साधारण ३० ते ६५ किमी रुंद असतो, तो सरकला की वारा तेवढ्याच जोरात पण उलट्या दिशेने येतो आणि जी झाडं एका बाजूला कलली होती ती आता दुसऱ्या बाजूने पडतात. रेडिओवर सांगेपर्यंत आतच थांबा. आणि गाडी घेऊन वाहत्या पाण्यात शिरू नका, १५ सेंमी वाहतं पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, ३० सेंमी छोटी गाडी आणि ६० सेंमी बहुतेक सगळ्या गाड्या.

परत आल्यावर

इथे माझी कळकळीची विनंती आहे की घाई करू नका. पोर्टो रिकोत २०१७ च्या मारियानंतर सरकारी आकडा आधी ६४ होता, नंतर अभ्यास करून तो २,९७५ वर नेला, कारण पुढच्या महिन्यांमध्ये वीज नाही, औषध नाही, हॉस्पिटलपर्यंत रस्ता नाही म्हणून जे गेले ते आधी मोजलेच नव्हते. पूर्ण बेटावर वीज परत यायला जवळपास ११ महिने लागले. म्हणजे वादळ निघून गेल्यावरही माणसं जातच राहतात, आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

सगळ्यात आधी जनरेटर. तो घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, बाल्कनीत नाही, खिडकीखाली पण नाही, घरापासून किमान २० फूट लांब आणि धूर घराच्या उलट दिशेला. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपेतच माणूस संपतो. २०२० च्या लॉरा वादळात अमेरिकेत जनरेटरच्या धुराने गेलेल्यांची संख्या दोन आकडी होती, वादळातून वाचलेली माणसं होती ती. आणि जनरेटर भिंतीच्या प्लगमध्ये घालून घराला वीज देऊ नका, ती वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

घराजवळ पोचलात की आधी बाहेरून एक फेरी मारा. तुटलेली वायर पडली असेल तर निदान १० मीटर लांब राहा, तिच्यात वीज नाही असं गृहीत धरू नका. गॅसचा वास आला तर आत न जाता मागे फिरा. भिंत फुगलीय का, छप्पर एका बाजूला बसलंय का, जोत्याखालची माती वाहून गेलीय का ते बघा. दार उघडत नसेल तर ते ओढून तोडायच्या आधी विचार करा की दार फुगलंय की वरचं छप्पर त्यावर बसलंय.

दार उघडलं की पहिल्यांदा वास येतो, कुजलेल्या चिखलाचा आणि डिझेलचा, आणि पाय आत टाकला की तो गाळात घसरतो. त्या गाळात काचा, खिळे आणि कधीकधी सापही असतात, म्हणून जाड बूट, हातमोजे आणि काठी घेऊनच आत जा, लांब पँट घाला. तो चिखल नुसता चिखल नसतो, गटारं आणि संडासच्या टाक्या सगळं त्यात मिसळलेलं असतं. हातापायाला छोटी जखम असेल तरी झाकून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केलं होतं हे आवर्जून सांगा, लेप्टोची शक्यता त्यांच्या लक्षात येईल.

एकही वस्तू हलवायच्या आधी फोटो. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, भिंतीवरची पाण्याची रेघ, खराब झालेल्या वस्तू, त्यांचे सीरियल नंबर. मग लगेच कामाला लागा, कारण बुरशी २४ ते ४८ तासांत धरते आणि इन्शुरन्सवाला येईपर्यंत थांबलात तर घरच जाईल. फेकण्याआधी गालिच्याचा, पडद्याचा, प्लायचा एक एक तुकडा कापून ठेवा आणि सगळ्या पावत्या एका पाकिटात.

सुकवायचं काम असं की दारं-खिडक्या उघडी, पंखे बाहेरच्या दिशेने तोंड करून, गाद्या-उशा आणि भिजलेलं सच्छिद्र सामान बाहेर, त्यात मन अडकवू नका. जिप्समच्या भिंती असतील तर पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत कापून टाका कारण पाणी आत वर चढलेलं असतं. बुरशी घासताना एन-९५ मास्क लावा. ब्लीच वापरत असाल तर ते अमोनिया किंवा ॲसिडच्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी गॅस होतो. भिंती पूर्ण सुकायला आठवडे लागतात, घाईने रंग मारला की आतली ओल कोंडते आणि दोन महिन्यांत बुरशी परत वर येते. तळघरात पाणी भरलं असेल तर बाहेरचं पाणी उतरेपर्यंत मोटर लावू नका आणि नंतरही रोज साधारण एक तृतीयांश एवढंच उपसा, बाहेरची भिजलेली माती भिंतीला ढकलत असते आणि आतलं पाणी तिला धरून ठेवतं.

खाऱ्या पाण्यात बुडालेला स्विच, बोर्ड, मोटर, फ्रिज हे उन्हात सुकवून चालू करायचा मोह होतो, तो टाळा, मीठ आतमध्ये राहतं आणि नंतर आग लागते. इलेक्ट्रिक गाडी समुद्राच्या पाण्यात बुडाली असेल तर ती घरापासून १५ मीटर लांब उघड्यावर उभी करून ठेवा, इयाननंतर अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांनी दिवसांनी, आठवड्यांनी पेट घेतला होता.

पाणी उकळूनच प्या, खळखळून एक मिनिट. इंधन नसेल तर साधं वास नसलेलं ६ टक्क्यांचं ब्लीच लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं ठेवायचं. पण लक्षात ठेवा की उकळल्याने जंतू मरतात, मीठ किंवा केमिकल जात नाही. विहिरीत समुद्राचं पाणी गेलं असेल तर जोरात मोटर लावून तळापर्यंत उपसू नका, खालचं खारं पाणी अजून वर ओढलं जातं, हळूहळू थोडं थोडं काढा, टेस्ट करा, आणि मग क्लोरीन टाका. शेताचंही तसंच, जमिनीवरचं मीठ चांगल्या पावसाने धुवून जाईपर्यंत थांबा, पाणी निघून जायला चर मोकळे ठेवा. कललेली छोटी झाडं मुळं ओली असताना पहिल्या काही दिवसांतच उभी करून टेकू दिला तर जगतात. आणि किनाऱ्यावरची खारफुटी कोणी जळणासाठी तोडत असेल तर गावाने मिळून थांबवा, १९९९ च्या वादळानंतर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा अभ्यास झाला तेव्हा ज्या गावांपुढे तिवरांचा रुंद पट्टा होता तिथे मृत्यू कमी होते.

दुरुस्तीसाठी अनोळखी कॉन्ट्रॅक्टर गाडी घेऊन दारात येतात, आत्ताच ठरवा नाहीतर नंबर जाईल म्हणतात. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, कामाचे टप्पे लिहून घ्या आणि इन्शुरन्सचा चेक त्यांच्या नावे करून देऊ नका. छपरावर स्वतः चढायची घाई नको, झाड कापायची मशीन आधी कधी वापरली नसेल तर ती शिकायची ही वेळ नाही, वादळानंतरच्या कितीतरी जखमा शिडीवरून पडून आणि कटरने झालेल्या असतात. दुपारच्या उन्हात तासाभराने थांबून पाणी प्या. घरातली लहान मुलं पुढच्या प्रत्येक पावसाला घाबरतात, रात्री उठून रडतात, त्यांना काही होत नाही म्हणून गप्प करू नका, जवळ घेऊन काय झालं ते त्यांच्याच शब्दांत बोलू द्या, आणि मोठ्यांनाही महिनोन्महिने झोप लागत नसेल तर डॉक्टरांशी बोलायला संकोच नको. शेजारी एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर दिवसातून दोनदा दार वाजवा.

आणि भिंत घासायला घ्याल तेव्हा त्या पाण्याच्या रेघेवर पेन्सिलने खूण करा, टेपने जोत्यापासून उंची मोजा आणि तारखेसकट कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. नवीन स्विचबोर्ड, इन्व्हर्टर आणि कागदांचं कपाट त्या खुणेच्या निदान दोन फूट वर बसवून घ्या, मिस्त्री खाली बसवूया सोपं पडेल म्हणाला तरी.